लहानपणी बघितलेला ‘ज्युरासिक पार्क’ चाळिशीत परत बघायचाय? मग असा बघा

सगळ्यात आधी सांगतो, टीव्ही लावू नका. रिमोट ठेवा बाजूला, एखादा कागद घ्या, लाइट बिलाची मागची बाजू पण चालेल, आणि ह्या सिनेमातलं तुम्हाला जे जे आठवतंय ते लिहून काढा. गुगल न करता, युट्यूब न उघडता. पाच मिनिटांचं काम आहे पण हे केलं नाही तर पुढचं सगळं फुकट, कारण एकदा सिनेमा परत बघितला की जुनी आठवण पुसली जाते आणि मग तुम्हाला वाटत राहतं की आपल्याला तर सगळं बरोबरच आठवत होतं.

माझी यादी अशी होती: सुरुवातीलाच टी-रेक्स येतो. पाण्याचा ग्लास हलतो. बकरीचा पाय काचेवर पडतो. वकील संडासात लपतो. किचनमध्ये दोन रॅप्टर, ते चपळ शिकारी डायनोसॉर, आणि ती भावंडं. शेवटी टी-रेक्स डरकाळी फोडतो आणि वरून तो लांबडा बॅनर तरंगत खाली येतो. आणि सगळ्यात खाली मी ठळक लिहिलेलं, ‘मी अजिबात घाबरलो नव्हतो’. ते कसं निघालं ते शेवटी सांगतो.

मी १९९४ ला नऊ वर्षांचा होतो. सिनेमा अमेरिकेत जून १९९३ ला आला, आपल्याकडे हिंदी डब होऊन पुढच्या वर्षी, आणि तोपर्यंत आमच्या शाळेत अर्ध्या पोरांच्या वह्यांवर डायनोसॉर चढलेले. नाशिकमध्ये तेव्हा मल्टिप्लेक्स वगैरे काही नव्हतं, सिंगल स्क्रीन, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीला पंखे, आणि पंख्याचा आवाज डायलॉगपेक्षा मोठा. पप्पांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून गेलो होतो एवढं पक्कं आठवतं.

यादी झाली की दुसरं काम, ज्यांनी तुम्हाला सिनेमाला नेलं होतं त्यांना फोन लावा. आईवडील, मामा, आत्या, शेजारचा दादा, जो असेल तो. हे पण सिनेमा बघायच्या आधी. मी हे उलट केलं, आधी बघितला आणि मग फोन केला, ते चुकलंच.

आता कुठला बघायचा. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा ज्या भाषेत बघितला त्याच भाषेत आधी बघा. इंग्लिश कितीही चांगलं येत असू दे. तुमच्या डोक्यात तो पार्कचा म्हातारा मालक हॅमंड हिंदीत बोलत असेल तर त्याला हिंदीतच बोलू द्या. इंग्लिशमध्ये नंतर दुसऱ्यांदा बघा, सबटायटल लावून, तेव्हा तो वेगळाच सिनेमा वाटतो, त्या गणितवाल्या माल्कमचे टोमणे तर डबिंगमध्ये निम्मे सांडलेत. थ्रीडी व्हर्जन २०१३ ला आलं होतं, ते मात्र सोडा, आपण पत्र्याच्या खुर्चीवर बसून जे बघितलं त्यात चष्मा नव्हता.

स्ट्रीमिंगवर बघणार असाल तर आधी डाउनलोड करून ठेवा. मी नाही केलं. गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यात ते गोल तरंग उठले आणि बरोब्बर त्याच्यावर बफरिंगचं गोल चक्र येऊन फिरायला लागलं, माझी पोरगी म्हणाली पप्पा हे पण पिक्चरमध्ये आहे का. बसा आता. ते तरंग कसे काढले माहितीये का? डॅशबोर्डच्या खाली गिटारची तार लावली होती आणि ती छेडली की पाण्यात मधोमध गोल उठायचे. एवढ्या खर्चाच्या सिनेमातला सगळ्यात भारी इफेक्ट एका तारेवर निघाला आणि माझ्याकडे तो वायफायने खाल्ला.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोनच गोष्टी करा. एक, ते मोशन स्मूदिंग की काय असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते बंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट झालाय, टीव्ही मध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसवतो आणि मग टी-रेक्स संध्याकाळच्या सात वाजताच्या मालिकेतला वाटायला लागतो. दोन, विविड मोड बंद, सिनेमा मोड चालू, आणि खोलीतले लाइट घालवा. अर्धा सिनेमा रात्रीचा आणि पावसातला आहे, ट्यूबलाइट चालू ठेवून त्यात तुम्हाला फक्त स्वतःचं पोट दिसेल काचेत. वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी दिसली तर ती असू द्या, झूम करून घालवू नका, सिनेमा तसाच आहे.

आवाजाचं वेगळं. ह्याच सिनेमापासून थिएटरमध्ये डीटीएस आलं, म्हणजे आवाज फिल्मच्या पट्टीवर न ठेवता वेगळ्या सीडीवर ठेवायचा आणि पट्टीवर नुसता टाइमकोड, त्याने दोन्ही एकत्र चालायचं. आमच्या पंख्यावाल्या थिएटरात कसला डीटीएस, पण आज घरात साधा साउंडबार असला तरी तेव्हापेक्षा बरं ऐकू येतं. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज आहे, रॅप्टरांच्या एकमेकांशी बोलण्यात कासवांचा, आणि तो कासवांचा आवाज कुठल्या प्रसंगी रेकॉर्ड केलाय ते पोरांसमोर विचारू नका. बेस मात्र जरा बेतानेच वाढवा. आम्ही पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावर राहतो, टी-रेक्सची पावलं सुरू झाली आणि खालच्या काकू वर आल्या, म्हणे टाकीची मोटर चालू राहिलीये का, धडधड होतंय.

वेळ कुठली? आपल्याकडे ह्याला एकच सीझन, श्रावणाच्या आसपासचा शनिवार. बाहेर धो धो पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, ग्रुपवर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो फिरताहेत, कुठे बाहेर जायचा प्रश्नच नाही. त्या रात्री टी-रेक्सवाला पाऊस टीव्हीतला कुठला आणि खिडकीबाहेरचा कुठला ते कळत नाही. गंमत म्हणजे शूटिंगमध्ये त्या पावसानेच वाट लावली होती. मोठा यांत्रिक टी-रेक्स स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेला, त्याची रबराची कातडी पाणी प्यायची आणि जड होऊन तो अख्खा थरथर कापायचा, मग शॉट संपला की लोकं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. न्हाऊ घातलेलं बाळ पुसतात तसं. हे एकदा डोक्यात बसलं की त्या सीनमध्ये भीती थोडी कमी होते, म्हणून पोरांना आधी सांगून ठेवायला बरं पडतं.

इंटरव्हल स्वतः करा. सिनेमा दोन तास सात मिनिटांचा आहे आणि त्यात मध्यंतर नाही, पण आपण मध्यंतर असलेल्या देशात तो बघितलाय. ती आजारी ट्रायसेराटॉप्स आडवी पडलेली असते आणि ती शास्त्रज्ञ बाई, एली, शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते, त्यानंतर वादळ यायला लागतं, तिथे थांबवा. त्याच्या पुढे गेलात तर मग कोणी उठत नाही. खायला चिवडा, वर कांदा लिंबू, तिखट. मिसळ नको, तर्री अंधारात अंगावर सांडते आणि पापड चावल्याचा आवाज किचनच्या सीनमध्ये चालणार नाही, घरातलेच लोक मारतील.

आता बघायचं काय. लहानपणी आपण फक्त जनावर बघितलं. ह्या वेळेला माणसांची तोंडं बघा. पहिला मोठा डायनोसॉर दिसतो त्याच्या आधी कॅमेरा आपल्याला तो दाखवतच नाही, जीपमध्ये तो हाडं उकरणारा शास्त्रज्ञ ग्रँट उभा राहतो, चष्मा काढतो, शेजारी एली हातातल्या पानाकडे बघत बडबड करतेय, तर तो न बोलता तिचं डोकं हाताने धरतो आणि वळवतो. नुसतं वळवतो. मग तिचं तोंड उघडं पडतं आणि मग कुठे आपल्याला ती लांब मान दिसते. मी हे तीनदा मागे नेऊन बघितलं. लहानपणी हा हात मला दिसलाच नव्हता, मी पडद्यावर जनावर शोधत असणार.

आणि घड्याळ लावा. टी-रेक्स सुरुवातीला येतो असं मी लिहिलं होतं ना, तो येतो तेव्हा तास उलटून गेलेला असतो. सगळ्या सिनेमात मिळून डायनोसॉर साधारण पंधरा मिनिटं दिसतात. पंधरा! आणि त्यातलं कॉम्प्युटरवर केलेलं त्याच्याही निम्म्याच्या आसपास, बाकी खरोखरचे बनवलेले पुतळे, यंत्रं, सूट घातलेली माणसं. आधी तर ठरलं होतं की लांबून दिसणारे डायनोसॉर छोटी मॉडेलं हलवून हलवून करायचे, त्यासाठी फिल टिपेट नावाचा ह्या कामातला दादा माणूस घेतला होता, मग कॉम्प्युटरवाल्यांनी पळणाऱ्या डायनोसॉरची टेस्ट दाखवली आणि टिपेट म्हणाला की मीच आता नामशेष झालो. तो डायलॉग फिरवून सिनेमात वापरलाय, शोधा, सापडेल. त्याला काढलं मात्र नाही, जनावर चालतं कसं हे त्यालाच माहीत होतं, मग तो कॉम्प्युटरवाल्या पोरांना ते शिकवत बसला. आपल्याकडे ट्रिक सीनचा बाप म्हणजे दादासाहेब फाळके, आपल्या त्र्यंबकचाच माणूस, १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारा, त्याला हे दाखवायला पाहिजे होतं असं मला दरवेळी वाटतं.

तुमचा धंदा कुठला असेल त्या नजरेने पण एकदा बघा, हे मी मनापासून सांगतो. मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि मला हा सिनेमा चाळिशीत डायनोसॉरचा वाटलाच नाही, तो मला प्लांटचा वाटला. हॅमंड उठता बसता म्हणतो की खर्चात कुठेच कसूर केली नाही, आणि पार्कच्या अख्ख्या बेटाची सिस्टीम एका माणसाच्या, नेड्रीच्या, हातात, तो पण पैशावरून कुरकुरणारा, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत नाही. आमच्याकडे पण एक असा होता, पीएलसीचं, म्हणजे मशिनी चालवणाऱ्या कंट्रोलरचं, सगळं त्याच्या डोक्यात, तो गावी लग्नाला गेला की लाइन बंद. लहानपणी मला नेड्री व्हिलन वाटायचा, आता व्हिलनच आहे पण मॅनेजमेंटचा राग जास्त येतो. हॅमंड झालेत ते रिचर्ड ॲटनबरो, तेच ज्यांनी ‘गांधी’ डिरेक्ट केला, १९८२ चा, रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या त्यातला, म्हणून त्यांच्यावर धड चिडता पण येत नाही, आजोबांसारखे दिसतात.

आणि तो ब्रेकरचा सीन. एली शेडमध्ये जाऊन हँडल मारून चार्ज करते आणि एकेक ब्रेकर ऑन करत जाते, आणि तिकडे पोरं दहा हजार व्होल्टच्या कुंपणावर चढलेली. मी सोफ्यावरून ओरडलो, अरे टॅग कुठंय, परमिट कोणी दिलं, लाइनवर माणूस आहे का विचारलं का कोणी! बायको म्हणाली तुझी शिफ्ट संपलीये. पण खरं सांगतो, आमच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये लॉक-आउट टॅग-आउट, म्हणजे काम चालू असताना लाइन बंद करून तिला कुलूप आणि पाटी लावणं, हे शिकवायला ह्याच्यापेक्षा चांगला व्हिडिओ नाही. तुम्ही नर्स असाल तर माल्कमच्या पायाचं बँडेज बघा, वकील असाल तर... असो, तुम्ही तो सीन नकाच बघू.

चुका शोधायचा नाद असेल तर दोन देतो, बाकीच्या तुम्ही शोधा. टी-रेक्स जिथून कुंपण तोडून रस्त्यावर येतो तिथे जमीन रस्त्याला लागूनच आहे, आणि थोड्या वेळाने त्याच जागी गाडी खोल दरीत पडते. आणि नेड्री जेट्टीवरच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, तेव्हा स्क्रीनच्या खालची पट्टी बघा, प्ले झालेला व्हिडिओ पुढे सरकताना दिसतो.

पोरांना दाखवणार असाल तर. अमेरिकेत ह्याला तेरा वर्षांखालच्या पोरांसाठी जपून असं सर्टिफिकेट आहे. माझी आठ वर्षांची आहे, मी तीन जागा आधी बघून ठेवल्या होत्या: सगळ्यात पहिला पिंजऱ्याचा सीन, वकिलाचा, आणि शेडमधल्या तुटलेल्या हाताचा. तिथे मी पाणी आणायच्या निमित्ताने समोरून गेलो. टी-रेक्सला ती घाबरलीच नाही, म्हणाली पप्पा हा पपेट आहे, ह्याला टॉवेलने पुसलंय. पण पुढचे चार दिवस बाथरूमला एकटी जायला तयार नव्हती, दार उघडं ठेवून आईशी बोलत बसायची, कारण मी समोरून जाऊन आडोसा केला तरी वकील संडासात बसलेला तिने बघितलाच होता.

सायन्सचं लेक्चर सिनेमा चालू असताना देऊ नका. नंतर द्या, रविवारी, बाहेर नेऊन. नावात ज्युरासिक असलं तरी टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, रॅप्टर हे सगळे त्याच्या नंतरच्या क्रिटेशस काळातले. ती लांब मानेची ब्रॅकिओसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीची आणि टी-रेक्स संपला ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे काळाने बघितलं तर टी-रेक्स तिच्यापेक्षा आपल्याला जवळचा. खरा व्हेलॉसिरॅप्टर टर्कीच्या आकाराचा होता आणि त्याला पिसं होती, हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ ला दाखवल्या गेल्या. सिनेमातल्या एवढा मोठा भाऊबंद पण होता, युटाहरॅप्टर, त्याचं वर्णन नेमकं १९९३ मध्येच छापून आलं. न हलता उभं राहिलं की टी-रेक्सला दिसत नाही हे काही खरं नाही, त्याची नजर चांगली होती, तेव्हा कुत्रा मागे लागल्यावर तो प्रयोग करू नका. आणि सिनेमात डायनोसॉर बनवायला काढतात तसा डासाच्या पोटातल्या रक्तातून डीएनए? २०१२ ला न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून काढलं की हाडातला डीएनए ५२१ वर्षांत निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा, ६.६ कोटी वर्षं. काही उरत नाही.

रविवारी नाशिककरांनी पांडवलेणीला जावं. लेणी ज्यात खोदलीये तो काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थर, आणि ह्या लाव्हाचा मोठा भाग डायनोसॉर संपले त्याच सुमाराला ओतला गेला. मेक्सिकोजवळ पडलेला अशनी आणि आपला हा लाव्हा, कोणाचा वाटा किती ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. पायऱ्या चढून दम लागल्यावर पोरीला भिंतीला हात लावायला सांगितलं आणि म्हटलं हे त्या वेळचं आहे. ती म्हणाली गरम आहे. ऊन होतं हो, पण मी काही बोललो नाही. एक मात्र सांगतो, तिथे दगड फोडून हाडं शोधू नका, लाव्हात हाडं मिळत नाहीत, ती लाव्हाच्या खालच्या आणि मधल्या गाळाच्या थरात मिळतात, चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, जबलपूरला, गुजरातेत बालासिनोरकडे, तिथलाच तो राजासॉरस, शिंगवाला डायनोसॉर, २००३ ला नाव मिळालेला. आपल्या दगडात मिळतात ते स्फटिक, ते बघायचे तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे. उतरल्यावर पायथ्याला फाळके स्मारक आहेच.

आता तो फोन. पांडवलेणीवरून आल्यावर मी पप्पांना फोन केला, ते पंचवटीत असतात, म्हटलं पप्पा तुम्ही मला ज्युरासिक पार्कला नेलं होतं आठवतं का, मी अजिबात घाबरलो नव्हतो ना. पलीकडे दोन मिनिटं नुसतं हसणं. म्हणाले, तू पूर्ण कुठे बघितलास? ती पोरं किचनमध्ये शिरली तसा तू माझ्या शर्टात तोंड घालून रडायला लागलास, मागचे लोक ओरडायला लागले, मी तुला उचलून बाहेर नेलं, आपण बाहेर पायरीवर बसून वडापाव खाल्ला, आणि परत आत आलो तर हेलिकॉप्टर उडत होतं.

म्हणजे तीस वर्षं मी जो किचनचा सीन लोकांना रंगवून सांगतोय, स्टीलच्या कपाटात दिसणारं प्रतिबिंब, रॅप्टरच्या नखाची फरशीवरची टकटक, तो बॅनर, ते सगळं नंतर कधीतरी टीव्हीवर बघून मी थिएटरच्या आठवणीत चिकटवलेलं. आणि पप्पांनी तर टीव्हीवर पण बघितलेला नव्हता. तिकीट काढून शेवट न बघितलेला माणूस.

तर शेवटची स्टेप ही. पुढच्या शनिवारी त्यांना घरी बोलावलं, पहिल्यापासून लावत होतो, तर ते म्हणाले किचनपासून लाव, आधीचं मला पाठ आहे. लाइट घालवले. पोरगी त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. किचन संपलं, ते म्हणाले ह्यासाठी मी वडापावचे पैसे घातले? मग मोठा हॉल, तो सांगाडा, रॅप्टर दोन्हीकडून, टी-रेक्स घुसला, बॅनर खाली आला. पप्पा पुढे सरकून बसले होते. काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला, म्हटलं काय, पाणी देऊ का?

रिमोट दे, म्हणाले. मागे कसं घेतात ह्याच्यात?